कॅल्क्युलसचे सत्तावन्न

मागच्या आठवड्यात थोरलीचा फोन आला तेव्हा ती कॅल्क्युलसचा पेपर देऊन नुकतीच बाहेर पडली होती. मागे तिच्या मैत्रिणींचा गलका चालला होता, कोणी पंच्याऐंशी म्हणत होती, कोणी नापासच होणार म्हणून हसत होती. "आजी, मी काय काय लिहिलं ते सांगते, मला किती पडतील ते तू सांग," असं तिने म्हटलं आणि मी गॅसवर दूध आहे असं सांगून फोन ठेवला. दूध नव्हतं. नंतर धाकट्याने विचारलं म्हणे, आजी रागावली का? रागावले नव्हते. निकालाच्या आधी आकडा उच्चारणं मला जमत नाही. त्याचं कारण फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाचा. अडेल तिथे आईला विचारा.

हे सोलापूरचं, सत्तर सालानंतरच्या वर्षांतलं. मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं बिऱ्हाड सात रस्त्याजवळ, दोन खोल्यांचं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जिल्हा कोर्टात कारकून होते. त्यांनी हौसेने मला इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि त्याबद्दल नातेवाइकांची बोलणीही खाल्ली होती. तिथल्या सिस्टर्सनी मला टापटीप शिकवली. समास सोडायचा, ओळ सरळ ठेवायची, चुकलं तर गिरगटायचं नाही, पट्टी ठेवून एक रेघ मारायची.

गणित मला मनापासून आवडायचं. बीजगणितात मी कधी मागे पडले नाही, पण सहामाही परीक्षेत कॅल्क्युलसने दगा दिला. एक्केचाळीस पडले. नेमक्या त्याच सुमारास कुर्डुवाडीहून माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला, घरचे लोक सरळ, मागणं काही नाही. आईला ते सोडवेना. अण्णांना माझं शिक्षण सोडवेना. शेवटी अण्णांनी मधला रस्ता काढला. ते म्हणाले, "वार्षिक परीक्षेत कॅल्क्युलसला साठ पडले तर तू तिसरं वर्ष करायचंस आणि मी त्यांना नकार कळवतो. साठ नाही पडले तर पुढे ओढण्यात अर्थ नाही." मला ती अट अन्यायाची वाटली नाही. साठ मला पडणार होते. मुलगा मला नापसंत होता असंही नाही, त्याला मी एकदाच पाहिलं होतं. मला तिसरं वर्ष हवं होतं, इतकंच.

अडचण एकच होती. परीक्षा एप्रिलमध्ये आणि निकाल जूनच्या अखेरीला. तोवर लग्नाचे मुहूर्त संपणार, पुढे चातुर्मास. कुर्डुवाडीच्या लोकांना मेमध्ये उत्तर हवं होतं, नाहीतर ते बार्शीच्या मुलीला होकार देणार होते. म्हणजे माझं पुढचं वर्ष निकालावर नव्हे, निकालाच्या अंदाजावर ठरायचं होतं.

आता आमच्या वर्गातल्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. पेपर सुटला की आम्ही गणिताची सगळी मुलंमुली प्रयोगशाळेच्या मागच्या कडुलिंबाखाली जमायचो. आपले मार्क आपल्या तोंडाने सांगायचे नाहीत, असा तिथला नियम होता. आपण काय काय लिहिलं ते फक्त सांगायचं, मोजायचं दुसऱ्याने. मोजणारा आकडा बोलला की बाकीचे "वर" किंवा "खाली" असं ओरडायचे, आणि बहुमताने आकडा पक्का व्हायचा. नियम कडक होते. अर्धवट प्रश्नाला अर्धेच मार्क. खोडलेल्याला शून्य. ही रीत कोणी पाडली माहीत नाही, पण तो आकडा फारसा चुकत नसे. पहिल्या वर्षी मला त्यांनी जेवढे दिले होते त्याहून निकालात दोनच जास्त निघाले. हे मी तेव्हा घरी कौतुकाने सांगितलं होतं, आणि अण्णांनी ते लक्षात ठेवलं होतं.

माझे मार्क मोजायची माझी बाकावरची मैत्रीण. ती भवानी पेठेतली, घरात तेलुगू बोलणारी. तिच्या वडिलांचे चार माग होते. बोलायची मराठीत, पण मोजायची मात्र ओठांतल्या ओठांत तेलुगूत. तिची बेरीज कधी चुकायची नाही आणि मोजताना ती कोणाची भीड धरायची नाही, माझीही नाही.

कॅल्क्युलसचा पेपर शेवटचा होता. पहिले तीन प्रश्न बरे गेले. चौथा प्रश्न सोळा मार्कांचा, 'सिद्ध करा' या जातीचा. अशा प्रश्नात उत्तर छापलेलंच असतं, तिथवर कसं पोचायचं ते दाखवायचं असतं. मी पोचत होते, पण माझ्या उत्तरात अधिक येत होतं आणि छापलेलं होतं उणे. पुन्हा केलं. पुन्हा अधिक. मग तुम्ही आज सगळ्यात आधी कराल ती गोष्ट मी केली, एक साधी किंमत घालून दोन्ही बाजू पाहिल्या. जुळल्या नाहीत. अधिक धरल्यावर जुळल्या. म्हणजे प्रश्नच चुकीचा छापलेला होता.

मी हात वर केला. आमच्या वर्गावर देखरेखीला इतिहासाचे एक वयस्कर सर होते. मी हळूच म्हटलं, "सर, या प्रश्नात चिन्ह चुकलंय."

त्यांनी प्रश्नपत्रिका दूर धरून पाहिली. "कोणाचं?"

"छापलेलं."

"छापलेलं कसं चुकेल? विद्यापीठातून आलंय ते. जमत नसेल तर दुसरा प्रश्न घे, वेळ घालवू नकोस."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळे लिहीत होते. कोणी डोकं वर काढत नव्हतं, कोणाला काही अडलेलं दिसत नव्हतं. एवढ्या सगळ्यांना जमतंय आणि मलाच जमत नाही, म्हणजे चूक माझीच कुठेतरी असणार. सहामाहीतले एक्केचाळीस आठवले. मी पट्टी ठेवली आणि ती दोन पानं तिरक्या रेघेने खोडून टाकली. मग पुढच्या प्रश्नांकडे वळले. त्यांत मन लागलं नाही, पण हात चालू ठेवला.

बाहेर आलो तेव्हा ऊन भाजत होतं आणि गिरणीचा दुपारचा भोंगा होत होता. कडुलिंबाखाली गर्दी जमली होती. मंगळवेढ्याकडून आलेला एक मुलगा आमच्या वर्गात होता, अभ्यासात बेताचा पण बोलायला पुढे. त्याचं मोजणं चाललं होतं.

"चौथा?" मोजणाऱ्याने विचारलं.

"चौथा पुरा. सोळाच्या सोळा धर."

"पुरा?" माझी मैत्रीण मधेच म्हणाली. "उणे कसं आणलं?"

"आणायचं काय त्यात? गाईडात हाय तसं लिवलं. शेवटाला अधिक आलं. वर बघतोय तर पेपरात उणे. म्हटलं आपलंच चुकलं. मग चौथ्या वळीत एक उणे घुसवलं, पाचव्यात गप बसलो, सहाव्यात आलं की बरोबर. तपासणारा बी माणूसच हाय, तितवर वाचतोय कुटं?"

सगळे हसले. मग एकेकाने सांगायला सुरुवात केली. कोणी तिसऱ्या ओळीत उणे घातलं होतं, कोणी शेवटच्या. कोणी तर चिन्हाकडे बघितलंच नव्हतं, पाठ केलेलं उतरवून खाली 'सिद्ध झाले' लिहून मोकळे. प्रश्न चुकलाय हे त्या गर्दीत दोघींनाच कळलं होतं, मला आणि माझ्या मैत्रिणीला. तिने काय केलं होतं? प्रश्नात चूक आहे असं तिने वर स्वच्छ लिहिलं, दुरुस्त केलेलं चिन्ह घेतलं आणि सिद्ध करून ठेवलं. तिने कोणाला विचारलं नव्हतं.

माझी पाळी आली. मी एकेक प्रश्न सांगत गेले. चौथ्याशी थांबले.

"खोडला."

"काय लिहिलं होतंस?" तिने विचारलं.

"तुझ्यासारखंच. अधिक घेऊन. पण खोडला."

"थोडं दिसतंय का खालचं?"

"दिसतंय सगळं. पट्टीने रेघ मारलीय."

"पट्टीनं?" मंगळवेढ्याचा मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला. "बाई, तुमी परीक्षेत बी पट्टीनं खोडताय? आमी तर चुकलेलं सुदा ठिवतो, म्हंजी अर्धे तरी पडत्यात!"

मैत्रिणीचे ओठ हलले. ती म्हणाली, "त्र्याहत्तर."

"खाली!" दोघेतिघे एकदम ओरडले. "खोडलेल्याला शून्य. नियम म्हणजे नियम."

"प्रश्न चुकीचा आहे. मार्क द्यावेच लागतील."

"ज्यांनी सोडवला त्यांना देतील. खोडलेला म्हणजे सोडवलाच नाही." हे म्हणणारा मुलगा वर्गातला हुशार होता, आणि तो बोलला ते मलाही बरोबर वाटलं. मैत्रीण आणखी थोडी भांडली. मग बहुमत झालं. सत्तावन्न.

साठाला तीन कमी. घरी जाताना मी सायकल हातात धरून चालले. मैत्रीण माझ्याबरोबर होती. रस्त्यात ती एकदाच बोलली, "घरी आकडा सांगू नकोस." तिला सगळं माहीत होतं, अट, कुर्डुवाडी, सगळं.

अण्णांनी त्या संध्याकाळी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "तुमच्यात मोजतात ना मार्क? तुझे कोण मोजतं?"

मी मैत्रिणीचं सांगितलं.

"तिला जरा बोलाव. तू सांगितलेला आकडा मला नको. तुझा जीव त्यात अडकलाय. तिसऱ्याने मोजलेला बरा."

अण्णांचा जन्म कोर्टात गेला होता. ज्याचा खटला त्याची साक्ष ते धरत नसत. यात त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांना खरोखर साठ हवे होते, पण ते साठ माझ्या तोंडून ऐकण्याचा त्यांना भरवसा नव्हता.

ती आली. आईने तिला पाट दिला, पोहे दिले. ती पोह्यांना हात न लावता बसली. अण्णा आरामखुर्चीत पुढे सरकून बसले.

"तू हिचा कॅल्क्युलसचा पेपर मोजलास?"

"हो काका."

"नीट मोजलास ना? मैत्रीण म्हणून नाही?"

"मी कोणालाच मैत्रीण म्हणून मोजत नाही काका."

"किती?"

ती क्षणभरही थांबली नाही. "त्र्याहत्तर."

अण्णांचा चेहरा असा उजळला की मला तो अजून डोळ्यांसमोर दिसतो. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. मग, केवळ बोलायचं म्हणून, माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं? बरोबर?"

मी 'हो' म्हणायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पुष्कळांनी म्हटलंय. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की कडुलिंबाखाली सत्तावन्न ठरले आहेत, खोडलेल्याला शून्य असा नियम आहे, आणि माझ्यासाठी कोणीतरी माझ्या वडिलांशी त्यांच्याच घरात खोटं बोलतंय. आणखी एक होतं. जूनमध्ये खरंच सत्तावन्न आले असते तर अण्णांनी परत कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवला नसता, तिच्या नाही आणि माझ्याही नाही.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "सत्तावन्न ठरलेत. चौथा प्रश्न मी खोडला."

अण्णा खुर्चीत मागे टेकले. आईने पुढे येऊन पोह्यांची बशी उगीचच इकडची तिकडे केली आणि म्हणाली, "खा गं, गार होतील."

मैत्रीण उठली. मी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले. तिथे तिने मला विचारलं, "मी खोटं बोलले असं वाटलं तुला?"

"सत्तावन्न ठरले होते ना."

"ते त्यांचे. माझे त्र्याहत्तर. तिथेही मी तेच म्हटलं होतं, इथेही तेच म्हटलं." ती दोन पायऱ्या उतरली आणि परत वळली. "पेपरात बरोबर उत्तर लिहिलंस आणि खोडलंस. इथे मी बरोबर सांगितलं, तर तेही खोडलंस. बरी आहेस हं तू."

अण्णांनी त्याच आठवड्यात कुर्डुवाडीला होकार कळवला. मी विरोध केला नाही. अट मी मान्य केली होती आणि आकडा मीच दिला होता, मग कशाच्या जोरावर विरोध करणार? लग्न ज्येष्ठात झालं. मैत्रीण आली होती. तिने मला हिरव्या काठाची सोलापुरी चादर दिली, तिच्या घरच्या मागावरची. आमचं बोलणं झालं ते माणसांच्या गर्दीत, म्हणजे झालं नाहीच.

तुमचे आजोबा कसे होते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. कुर्डुवाडीचं घर स्टेशनपासून जवळ होतं, गाडी आली की भांडी थरथरायची. सासूबाई मायाळू होत्या. मला इंग्रजी वाचता येतं याचा त्यांना इतका अभिमान की पोस्टमन, भाजीवाली, कोणी आलं की मला बाहेर बोलावून औषधाच्या बाटलीवरचं वाचायला लावायच्या.

जूनच्या शेवटी एका दुपारी अण्णा आले. अगोदर कळवलं नव्हतं. पॅसेंजरने आले होते, सदरा घामाने भिजलेला. मी पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "निकाल लागला. कॅल्क्युलसला चौऱ्याहत्तर."

अण्णा खाली जमिनीकडे बघत सांगत होते. ते कॉलेजात जाऊन आमच्या सरांना भेटले होते. चौथा प्रश्न चुकीचा निघाला, म्हणून विद्यापीठाने त्याचे मार्क सरसकट सगळ्यांना दिले होते. बरोबर सोडवणाऱ्यांना दिले, उणे घुसवणाऱ्यांना दिले, खोडणाऱ्यांनाही दिले. ज्यांनी प्रश्नाला हातही लावला नव्हता, त्यांनाही.

"ती मुलगी बरोबर सांगत होती," अण्णा म्हणाले.

"हो."

"मी तुझ्या शब्दावर गेलो गं."

"मीसुद्धा," मी म्हणाले.

मग त्यांनी टोपी नीट केली आणि सासूबाईंना हाक मारली. आपल्या मुलीच्या सासरी तोंड उघडून काही मागायची त्यांना सवय नव्हती. ते फार अदबीने बोलले. विहीणबाई, मुलीला चांगले मार्क पडलेत, मूळ अट साठाची होती, कॉलेज उघडायला दिवस आहेत, ती सोलापुरात आमच्याकडे राहील, सणावाराला येत जाईल, एका वर्षाचाच प्रश्न आहे. बोलताना त्यांचा आवाज कोर्टात साहेबांपुढे अर्ज ठेवताना होत असेल तसा झाला होता. मी दाराआड उभी होते. सासूबाई बोलायच्या आधीच मी मनात वह्या आखायला लागले होते.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना एकच गोष्ट कळली आणि त्या तिनेच हरखून गेल्या.

"चौऱ्यात्तर? आगं बया! आमच्या सात पिढ्यांत कुनाला पडलं न्हाईत एवढे." त्या उठल्या, डब्यातून साखर काढली, आधी माझ्या हातावर ठेवली, मग अण्णांच्या. शेजारच्या बाईला भिंतीवरून हाक मारली, "ये की गं हिकडं, आमच्या सुनंला चौऱ्यात्तर पडलं!" मग अण्णांकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाल्या, "पर आता आनि कशाला हो कालिज? मार्क पडायचं हुतं ते पडलं न्हवं चांगलं? झालं की मग."

अण्णांनी हातातल्या साखरेकडे पाहिलं. मग ती तोंडात टाकली आणि संध्याकाळची गाडी किती वाजता आहे असं विचारलं.